रक्तदाबाची घराणी

"घरात कुणाला बीपी आहे का?" डॉक्टर विचारतात. "आईला आहे, थोरल्या काकांना होतं," आपण सांगतो. केसपेपरवर दोन शब्द खरडले जातात आणि दंडाला पट्टा बांधला जातो. त्या दोन शब्दांचं पुढे बहुतेक वेळा काहीच होत नाही. आईला आहे म्हणजे तुम्हीही जपा, मीठ कमी करा, वर्षातून एकदा तपासून घ्या, इथवर बोलणं येतं आणि थांबतं. आईकडून नेमकं काय आलं, ते कोणत्या अवयवात काम करतं, एकाच आईच्या तीन मुलांपैकी एकालाच ते का भोवतं, हे प्रश्न दवाखान्याच्या वेळेत बसणारे नाहीत. ते विचारत बसणारी एक ज्ञानशाखा मात्र आहे, आणि या संग्रहातले लेख तिच्यात नव्याने येणाऱ्यांसाठी आहेत. वैद्यकाच्या आणि जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी तर आहेतच, पण रोज सकाळी बीपीची गोळी घेताना 'ही करते तरी काय' असं ज्यांच्या मनात येतं त्यांच्यासाठीही आहेत. बारावीचं जीवशास्त्र आठवत असेल तर बरं, नसेल तर अडणार नाही.

या शाखेची सुरुवात एका भांडणाने झाली असं म्हटलं तरी चालेल. १९५० च्या दशकात ब्रिटनमधले दोन नामांकित वैद्य, मँचेस्टरचे रॉबर्ट प्लॅट आणि लंडनचे, पुढे ऑक्सफर्डला गेलेले जॉर्ज पिकरिंग, 'लॅन्सेट'मधून वर्षानुवर्षं एकमेकांचं म्हणणं खोडत होते. प्लॅट म्हणत, रुग्णांच्या भावंडांचे आकडे मांडले की त्यांचे दोन गट पडतात, एक सामान्य रक्तदाबाचा आणि एक वाढलेल्या. तेव्हा उच्च रक्तदाब हा स्वतंत्र रोग आहे आणि तो एका जनुकाने पुढच्या पिढीत उतरतो. पिकरिंग यांना हे गट मान्यच नव्हते. रक्तदाब हा उंचीसारखा आहे, माणसं खालपासून वरपर्यंत सलग पसरलेली असतात, आणि 'इथून पुढे रोगी' ही रेघ वैद्य आपल्या सोयीने मारतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या हिशेबात जनुकं पुष्कळ, प्रत्येकाचा वाटा थोडा, आणि वर राहणीचा परिणाम. पिकरिंग जिंकले असं पाठ्यपुस्तकं सांगतात, आणि सबंध लोकसंख्येचा विचार केला तर ते खरंच आहे. पण मला या निकालात एक खोच दिसते. निष्कर्ष पिकरिंग यांचा बरोबर ठरला; रक्तदाबाची यंत्रणा उघडी पडली ती मात्र प्लॅट यांच्या वाटेने, एकेका घराण्यात एकेकच जनुक शोधत गेल्यामुळे.

असं का झालं, ते पाहण्यासारखं आहे. रक्तदाबाच्या अभ्यासातली जुनी अडचण ही की त्यात कारण कोणतं आणि परिणाम कोणता ते कळत नाही. दाब वाढला की रक्तवाहिन्या ताठ होतात, आणि वाहिन्या ताठ झाल्या की दाब वाढतो. दाबाने मूत्रपिंडं बिघडतात, आणि मूत्रपिंडं बिघडली की दाब चढतो. पन्नाशीतल्या रुग्णाला तपासताना यातलं आधी काय झालं हे सांगणं अशक्यच असतं. जनुकाचं तसं नाही. ते गर्भधारणेच्या वेळीच ठरून गेलेलं असतं, आणि दाब वाढला म्हणून आईबापांकडून आलेला जनुकाचा मजकूर बदलत नाही. एखाद्या घराण्यात जनुकातला ठरावीक बदल आणि चढलेला दाब पिढ्यान्‌पिढ्या बरोबर चालताना दिसले, तर कारण कुठलं यावर वाद घालायला जागा उरत नाही.

रिचर्ड लिफ्टन यांचं बहुतेक संशोधन या एका मुद्द्यावर उभं आहे. स्टॅनफर्डमधून एम.डी. आणि पीएच.डी. दोन्ही पदव्या घेऊन ते बोस्टनच्या ब्रिगम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये आले, १९९३ मध्ये येल विद्यापीठात गेले, आणि २०१६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. सर्वसामान्य बीपीचे रुग्ण हजारोंनी जमवण्याऐवजी त्यांनी टोकाची घराणी शोधली. विशीच्या आतच दाब भलताच चढलेली घराणी त्यांत होती, तशी जन्मापासून दाब खाली राहणारीही होती.

पहिलं मोठं यश १९९२ चं. कॅनडातल्या डॉक्टरांनी १९६६ मध्ये एका बापलेकाची नोंद केली होती. दोघांचाही दाब वाढलेला, दोघांच्याही शरीरात अल्डोस्टेरॉन जास्त, आणि डेक्सामेथासोन दिलं की दोन्ही खाली येत. अल्डोस्टेरॉन हे मूत्रपिंडांच्या माथ्यावर बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींचं संप्रेरक. मीठ धरून ठेवा, असा निरोप ते मूत्रपिंडाला देतं. ते एका स्टेरॉइडच्या गोळीने का उतरावं, हे कोडंच होतं. लिफ्टन यांच्या गटाला उत्तर सापडलं ८ व्या गुणसूत्रावर. तिथे दोन जनुकं शेजारी शेजारी असतात आणि त्यांचा मजकूर सुमारे ९५ टक्के सारखा असतो. एक कॉर्टिसॉल बनवायच्या कामातलं, दुसरं अल्डोस्टेरॉन बनवायच्या. इतकी सारखी जनुकं लागून असली की बीजपेशी तयार होताना गुणसूत्रांची जोडी लागायला चुकू शकते. या घराण्यांच्या कुणा पूर्वजात ती चुकली होती आणि पहिल्या जनुकाचा पुढचा भाग दुसऱ्याच्या मागच्या भागाला जोडून तिसरंच जनुक तयार झालं होतं. हुकूम कुणाचा घ्यायचा हे पुढच्या भागात असतं, काय बनवायचं हे मागच्या. त्यामुळे अल्डोस्टेरॉन बनू लागलं ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पियूषिका ग्रंथीच्या हुकमावर. शरीराला मिठाची गरज आहे की नाही, याच्याशी त्याचा संबंधच तुटला. डेक्सामेथासोन पियूषिकेला गप्प करतं, म्हणून ते लागू पडतं. २६ वर्षं डॉक्टर एक उपचार करत होते आणि तो का चालतो हे आता कळलं.

पुढच्या गोष्टी समजायला मूत्रपिंडाचं काम थोडं जवळून पाहावं लागतं. आपली दोन मूत्रपिंडं दिवसभरात साधारण १८० लिटर द्रव रक्तातून गाळून काढतात. त्या द्रवात विरघळलेलं मीठ तोललं तर जवळजवळ दीड किलो भरेल. आपण दिवसाकाठी लोणचं-पापडासकट खातो ते फार तर दहा-बारा ग्रॅम. म्हणजे गाळलेल्या मिठापैकी ९९ टक्क्यांहून जास्त मीठ नलिकांमधून परत रक्तात घ्यायचं, आणि उरलेला किती अंश लघवीतून सोडायचा ते ठरवायचं. त्या लहानशा अंशावर शरीरातलं पाणी, त्यावर रक्ताचं आकारमान आणि त्यावर रक्तदाब अवलंबून. नलिकेच्या पहिल्या भागात ६० ते ६५ टक्के मीठ परत येतं, हेन्लेच्या वळणाच्या जाड भागात २५ ते ३०, पुढच्या तुकड्यात ५ ते ७, आणि अगदी शेवटी दोन-तीन टक्के. शेवटच्या टप्प्याचा वाटा सर्वांत कमी, पण अल्डोस्टेरॉनची सत्ता मुख्यतः तिथे चालते. म्हणून दाबाचा निकाल बऱ्याच अंशी तिथेच लागतो.

मूत्रपिंडाचं हे महत्त्व लिफ्टन यांच्या आधीही काहींना पटलेलं होतं. मिसिसिपी विद्यापीठातले आर्थर गायटन आयुष्यभर हेच सांगत आले: दाब वाढला की निरोगी मूत्रपिंड जास्त मीठ सोडतं आणि दाब जागेवर आणतं, म्हणून मूत्रपिंडाची सोबत असल्याशिवाय दाब कायमचा चढा राहूच शकत नाही. ब्रुकहेवनच्या लुईस डाल यांनी मिठाने दाब चढणाऱ्या उंदरांचं एक वाण आणि न चढणाऱ्यांचं दुसरं तयार केलं, आणि दोन वाणांमध्ये मूत्रपिंडांची अदलाबदल करून दाखवली. दाब मूत्रपिंडाबरोबर गेला. तरीही उंदीर तो उंदीर, असं म्हणणारे होतेच.

त्यांना उत्तर मिळालं ते एका मुलीच्या आजारातून. शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात मी ही गोष्ट सांगतो तेव्हा मागचे बाकही ऐकतात. १९६३ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचे ग्रँट लिडल यांनी एका सोळा वर्षांच्या मुलीची आणि तिच्या भावंडांची हकिगत प्रसिद्ध केली. दाब चढलेला, रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं. सगळी लक्षणं अल्डोस्टेरॉन उतू चालल्याची. मोजायला गेलं तर अल्डोस्टेरॉन जवळजवळ नाहीच. अल्डोस्टेरॉनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. ट्रायॅमटेरिन हे औषध नलिकेवर थेट काम करतं; ते दिल्यावर मात्र दाब उतरला. एवढ्या दोन औषधांच्या फरकावरून लिडल यांनी अनुमान काढलं की ग्रंथी निर्दोष आहे, निरोप कुणी पाठवतच नाही, आणि मूत्रपिंड आपणहून मीठ ओढतंय. जनुकं वाचण्याचं तंत्र जन्माला यायच्या आधीचा हा तर्क आहे. पुढे त्या मुलीची मूत्रपिंडं निकामी झाली आणि १९८९ मध्ये तिच्यात मृत दात्याचं मूत्रपिंड बसवलं. दाब आणि पोटॅशियम, दोन्हींचा जुना बिघाड सरला. डाल यांचा उंदरांवरचा प्रयोग नियतीने माणसात करून दाखवला होता. १९९४ मध्ये लिफ्टन यांच्या गटाने या घराण्याच्या जनुकातला दोष दाखवून दिला. नलिकेच्या शेवटच्या टप्प्यात सोडियम आत घेणारी एक वाहिनी असते, तीन प्रकारच्या प्रथिनांची बनलेली. त्यातल्या एकाचं शेपूट तुटलेलं होतं. काम झालं की वाहिनी पेशीच्या पृष्ठभागावरून काढून घेण्याची खूण नेमकी त्या शेपटावर असते. खूण नाही, म्हणून वाहिन्या पृष्ठभागावरच राहतात आणि मीठ आत येतच राहतं.

दुसरी हकिगत २००० सालची. पंधरा वर्षांच्या एका मुलाचा दाब फारच वाढलेला होता. अल्डोस्टेरॉनचा निरोप मूत्रपिंडात जे ग्राही प्रथिन घेतं त्याच्यात ८१० व्या जागी सेरीनऐवजी ल्युसीन हे अमिनो आम्ल आलेलं सापडलं. एवढ्या फरकाने ग्राही भलत्याच संप्रेरकाला प्रतिसाद देऊ लागला. एरवी त्याला शांत ठेवणारं प्रोजेस्टेरॉन आता त्याला चेतवू लागलं. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन कितीतरी पटींनी वाढतं. या घराण्यातल्या असा बदल असलेल्या दोन स्त्रियांच्या मिळून पाच गरोदरपणांत, पाचही वेळा, दाब भयंकर चढला होता. आणि स्पायरोनोलॅक्टोन, म्हणजे अशा वेळी डॉक्टरांच्या हाताशी असलेलं नेहमीचं औषध, इथे दाब उतरवण्याऐवजी चढवणारं ठरलं.

याच ग्राहीचा एक धडा आपल्या घरच्या बटव्यातही आहे. कॉर्टिसॉललाही हा ग्राही अल्डोस्टेरॉनइतकाच जवळ करतो, आणि रक्तात कॉर्टिसॉल शेकडो पटींनी जास्त असतं. तरी ते तिथे पोचत नाही, कारण वाटेत एक विकर त्याला निष्प्रभ करत असतं. ते विकर जन्मतः नसलेली मुलं असतात. त्यांचा दाब लहानपणीच चढतो आणि पोटॅशियम उतरतं. ज्येष्ठमधातलं ग्लिसिऱ्हायझिक आम्ल नेमकं हेच विकर बंद पाडतं. घसा बसला म्हणून दोन दिवस चघळलेल्या काडीने काही बिघडत नाही, पण महिनोन्‌महिने भरपूर ज्येष्ठमध घेणाऱ्या बीपीच्या रुग्णाने ते डॉक्टरांना सांगितलेलं बरं. 'औषधी वनस्पती, तिचा कसला अपाय' हे वाक्य मी फार ऐकलंय.

उलट्या टोकाची घराणी तितकीच बोलकी निघाली. बार्टर आणि गिटेलमन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारांत नलिका मीठ परत घ्यायला कमी पडते. दाब खाली राहतो, पोटॅशियम घसरतं, मिठाची ओढ लागते. १९९६-९७ मध्ये लिफ्टन यांच्या गटाने यातली चार जनुकं ओळखली. त्यांतली दोन ज्या वाहक प्रथिनांची आहेत, त्यांच्यावर दवाखान्यातली रोजची औषधं आधीपासून काम करत होती: हेन्लेच्या वळणातल्या वाहकावर लॅसिक्स, त्याच्या पुढच्या तुकड्यातल्या वाहकावर थायझाइड. औषध गोळीतून जे करतं तेच या माणसांत जन्मापासून होत होतं. चढणारी असोत की उतरणारी, डझनाहून जास्त जनुकं सापडली आणि जवळजवळ सगळी मूत्रपिंडातल्या मिठाच्या हिशेबाशी येऊन मिळाली.

'जवळजवळ' हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुर्कस्तानात काळ्या समुद्राजवळच्या एका घराण्यात बोटं आखूड असतात, उंची कमी असते आणि दाब प्रचंड असतो. उपचार झाले नाहीत तर माणसं पन्नाशीच्या आत पक्षाघाताने जातात. १९७३ मध्ये नोंदलेल्या या घराण्याचा दोष बर्लिनच्या संशोधकांनी २०१५ मध्ये शोधला, तो मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या स्नायूंशी निगडित निघाला. मिठाशी त्याचं देणंघेणं नाही. मूत्रपिंडाचा पक्ष घेणाऱ्या माझ्यासारख्यांनी हे घराणं विसरू नये.

आता प्रश्न येतो तो असा, की ही सगळी दुर्मीळ माणसं. शेजारच्या जोशीकाकूंच्या बीपीशी त्यांचा काय संबंध? याचं एक सुंदर उत्तर २००८ मध्ये मिळालं. मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावी १९४८ पासून सामान्य नागरिकांच्या हृदयाचा अभ्यास चालू आहे. त्यातल्या ३,१२५ जणांमध्ये लिफ्टन यांच्या गटाने बार्टर-गिटेलमन विकारांची तीन जनुकं वाचली. या विकारांत दोन्ही प्रती सदोष असाव्या लागतात. एकच प्रत सदोष असलेली माणसं ठणठणीत असतात, त्यांना आपल्यात काही आहे याचा पत्ताही नसतो. अशी माणसं दर ६४ मागे किमान एक निघाली, आणि त्यांचा दाब इतरांपेक्षा कमी होता. जन्मभर थायझाइडचा अगदी सौम्य डोस मिळत असल्यासारखा हा प्रकार आहे. २०११ मध्ये आणखी एक धागा जोडला गेला: अधिवृक्क ग्रंथीवरच्या, अल्डोस्टेरॉन स्रवणाऱ्या गाठींत एका पोटॅशियम वाहिनीचं जनुक बदललेलं सापडलं. हा बदल वारशाने आलेला नव्हता, त्या गाठीपुरताच होता.

पिकरिंग यांची बाजूही दरम्यान आकड्यांनी भक्कम झाली. सबंध जनुकसंच चाळून रक्तदाबाशी संबंध असलेल्या जागा शोधण्याच्या मोहिमा निघाल्या. २०११ मध्ये सुमारे दोन लाख लोकांच्या अभ्यासातून २९ जागा दिसल्या. २०१८ मध्ये दहा लाखांहून जास्त लोकांचा अभ्यास झाला आणि एकूण आकडा ९०१ वर गेला. एकेका जागेचा परिणाम बहुधा पाऱ्याच्या एका मिलिमीटरहूनही कमी. यातल्या पुष्कळ जागा नेमक्या कोणत्या जनुकामार्फत काम करतात ते शोधायचं काम चालू आहे, आणि तरुण संशोधकाला इथे रान मोकळं आहे. मात्र याच्या जोरावर 'जनुकीय चाचणी करा, बीपीचा धोका ओळखा' अशी पाकिटं विकली जातात, त्यांचं मला कौतुक नाही. घरातलं दंडाला बांधायचं यंत्र, नीट वापरलं तर, आज तरी त्याहून जास्त सांगतं.

मराठी वाचकाने या विषयाकडे परका म्हणून पाहू नये. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरचा सर्पगंधेचा अनुभव मांडला, आणि या मुळीकडे पाश्चात्त्य वैद्यकाचं लक्ष गेलं. त्याबद्दल १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. सर्पगंधा चेतातंतूंच्या मार्गाने दाब उतरवते. घराण्यांच्या अभ्यासातून मात्र चेतासंस्थेची जनुकं फारशी पुढे आली नाहीत. ती तिथे नाहीतच, की आपण अजून योग्य घराण्यापर्यंत पोचलो नाही, हा मला आजही उघडा वाटणारा प्रश्न आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत ३५ टक्क्यांहून जास्त प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. तरी जनुकसंच चाळणाऱ्या मोठ्या अभ्यासांतले बहुसंख्य लोक युरोपीय वंशाचे आहेत. 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने २०२५ च्या जानेवारीत १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती संशोधकांसाठी खुली केली, ती ८० हून अधिक समाजगटांतली. पिढ्यान्‌पिढ्या जातीतच होणारी लग्नं, काही समाजांत मामाच्या मुलीशी लग्नाची रीत, यांमुळे दोन्ही प्रती सदोष असलेली माणसं आपल्याकडे सापडण्याची शक्यता जास्त आहे. लिफ्टन यांनी जी घराणी जगभरातून जमवली, तशी घराणी आपल्या जिल्हा रुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागांत आजही केसपेपर काढून रांगेत उभी असतील.

लेखांच्या क्रमाबद्दल थोडं. मूत्रनलिकेवरचा लेख आधी वाचावा, कारण बाकी सगळे त्याच्या आधाराने लिहिलेले आहेत. संख्याशास्त्राचा लेख शेवटी ठेवला तरी चालेल. वंशावळींच्या तक्त्यांत चौकोन पुरुषाचा, वर्तुळ स्त्रीचं, आणि काळा भरलेला आकार म्हणजे विकार असलेली व्यक्ती. हे तक्ते पेन्सिल हातात घेऊन वाचावेत आणि विकार बापाकडून मुलाकडे गेला का, पिढी सोडून गेला का, हे आधी स्वतः पाहून मग मजकुराकडे वळावं.